किल्ली त्याच्याकडेच राहिली होती: 'आय विल सर्व्हाइव्ह'बद्दल तुमचे प्रश्न

ब्रेकअपनंतर कुठली गाणी ऐकता असं विचारलं होतं, तर आलेल्या पत्रांमध्ये एकच गाणं सारखं सारखं येत राहिलं, अमेरिकन गायिका ग्लोरिया गेनरचं १९७८ सालचं 'आय विल सर्व्हाइव्ह'. म्हणून या वेळी अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात, एका बाईला एक माणूस सोडून जातो, ती कशीबशी सावरते, आणि मग एक दिवस तो परत आलेला असतो आणि ती त्याला जायला सांगते. एवढंच आहे. पण त्या एवढ्याशा गोष्टीत काय काय भरलंय ते तुमच्या पत्रांमुळे मी पण परत नीट ऐकलं.

प्रश्न: ताई, मला प्लीज तू म्हणा, मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे. अडीच वर्षांचं रिलेशन होतं. सगळं त्याच्या सोयीने. त्याला वेळ असेल तेव्हा भेटायचं, त्याचा मूड गेला असेल तर मी तासन्‌तास ऐकायचं आणि माझा गेला असेल तर 'नंतर बोलू ना'. मग एक दिवस त्याला स्पेस हवी झाली आणि गेला. पाच महिने काही नाही. आणि परवा रात्री मेसेज, 'झोपलीस का'. मी रिप्लाय केला नाही पण सकाळपर्यंत फोन हातातच होता. मैत्रिणीने हे गाणं पाठवलं, म्हणाली ऐक, ताकद येईल. पण गाणं तर सुरूच होतं की मी घाबरले होते, थिजून गेले होते. मला पहिल्या दोन ओळीतच रडू आलं. मग याला एवढं पॉवरफुल गाणं का म्हणतात सगळे? आणि मला अजून रडू येतंय म्हणजे मी त्या गाण्यातल्या बाईसारखी नाहीये का?

उत्तर: अगं, तू अगदी त्या बाईसारखीच आहेस, फक्त तू अजून गाण्याच्या पहिल्या मिनिटात आहेस.

आता तू विचारलंस ते नीट सांगते, कारण बहुतेक लोक हे गाणं पार्टीत नाचताना ऐकतात आणि सुरुवात कानावरून निघून जाते. सुरुवातीला पियानोची एक सर येते, धावत वर जाते, आणि मग बाईचा आवाज, जवळजवळ एकटाच. ताल नाही. ड्रम नाहीत. तिला हवं तिथे ती थांबते, हवं तिथे शब्द ओढते. आणि या तालाशिवायच्या भागात ती काय सांगते, तर मला भीती वाटली होती, तुझ्याशिवाय मी जगूच शकणार नाही असं वाटत होतं, आणि मग कित्येक रात्री मी तू माझ्याशी कसा वागलास याचाच विचार करत घालवल्या. कित्येक रात्री. ती ते लपवत नाही. त्या रात्रींमधूनच मी घट्ट होत गेले असं ती म्हणते आणि त्याच्यानंतर ताल सुरू होतो. ज्या क्षणी ताल येतो त्याच क्षणी तो माणूस पण गोष्टीत परत येतो, म्हणजे ती आधी एकटी उभी राहिलीय, मग तो आलाय. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्या येण्यामुळे तिला ताकद आलेली नाही, ती आधीच आली होती, रडता रडता.

तुझ्या त्या रात्रभर फोन हातात धरून बसण्याला तू हरणं समजू नकोस गं. गाण्यात त्याच रात्रींचा हिशोब आहे.

आता तो माणूस. गाण्यात तो काय करतो बघ. ती बाहेरून घरी येते तर हा आत. दारात नाही, आत! चेहरा पाडून उभा. आणि मग ती स्वतःवर चिडते की मी ते कुलूप बदलायला हवं होतं, निदान तुझ्याकडून किल्ली तरी काढून घ्यायला हवी होती. म्हणजे गेला तेव्हा तिचं घर सोडून गेला पण घराची किल्ली खिशात ठेवून गेला. स्वार्थी माणसाचं याच्याहून नेमकं चित्र मला तरी दुसरं माहीत नाही. तो शिवीगाळ करत नाही, मारत नाही, गाण्यात त्याने काय काय केलं याची मोठी यादी पण नाही. फक्त एवढंच, की जाताना त्याने परत यायची सोय ठेवली होती, आणि आता त्याला वाटलं म्हणून तो डोकावला, आणि ती मोकळीच असेल हे त्याने गृहीत धरलं. हे गृहीत धरण्याबद्दल ती स्पष्ट बोलते गाण्यात. तुला यावंसं वाटलं म्हणून तू आलास आणि मी रिकामीच बसलेली असेन असं तुला वाटलं, असा तिचा सूर आहे.

'झोपलीस का' हा मेसेज मला त्या किल्लीसारखाच वाटला. त्यात तू कशी आहेस हे नाहीये, मी वागलो ते चुकलं हे नाहीये, तू जागी आहेस का, उपलब्ध आहेस का, एवढंच विचारलंय.

आणि पाडलेल्या चेहऱ्याचं पण सांगते. अडीच वर्षं त्याचा मूड सांभाळायची सवय झालेल्या मुलीला समोरचा उदास दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. गाण्यातली बाई तो चेहरा बघते, त्याचा उल्लेख करते, आणि तरी तिचं बोलणं बदलत नाही. त्याला काय झालंय हे ती विचारतच नाही. मला विचारशील तर गाण्यातली खरी ताकद तिथे आहे, मोठ्याने गायलेल्या ध्रुवपदात ती नंतर येते.

अजून एक गोष्ट, संगीत थोडं समजत असेल तर मजा येईल. या गाण्यात आठ कॉर्ड्सची (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) एक साखळी आहे, ए मायनरपासून निघते आणि फिरून परत तिथेच येते, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच साखळी फिरत राहते. कडव्याला वेगळी, ध्रुवपदाला वेगळी असं नाही. म्हणजे ज्या सुरांवर ती घाबरले होते म्हणते त्याच सुरांवर ती चालता हो म्हणते. बाकी सगळं तेच आहे, तेच घर, तोच माणूस, त्याच आठ कॉर्ड्स, बदललाय तो फक्त तिचा आवाज. तू पुढच्या वेळी ऐकशील तेव्हा याच्याकडे लक्ष देऊन ऐक.

त्याला रिप्लाय करायचा की नाही हे मी नाही सांगणार, ते तुझं आहे. पण त्याच्याकडे तुझी कुठली कुठली किल्ली अजून आहे ते बघ. घराची असेल तर खरंच कुलूप बदल. पासवर्ड, लोकेशन शेअरिंग, एखादं कॉमन अकाउंट, आणि हो, रात्री दोन वाजता वाजणारं नोटिफिकेशन, ती पण किल्लीच आहे.

प्रश्न: गाण्यातला तो माणूस खऱ्या आयुष्यात कोण होता? ग्लोरिया गेनरने कुणावर लिहिलं हे गाणं?

उत्तर: तिने लिहिलेलंच नाही! हे गाणं डिनो फेकारिस आणि फ्रेडी पेरेन या दोघांनी लिहिलंय आणि फेकारिसने सांगितलेली हकीकत अशी की तो मोटाउन रेकॉर्ड्स या अमेरिकन संगीत कंपनीत सातेक वर्षं स्टाफ रायटर, म्हणजे नोकरीतला गीतकार, होता आणि त्याला तिथून काढून टाकलं. नोकरी गेलेली, पुढे काय माहीत नाही, तेव्हा मी तगून राहीन हे वाक्य त्याने आधी स्वतःला म्हटलं. म्हणजे या गाण्याच्या मुळाशी प्रेमभंग नाही, नोकरीवरून काढलं जाणं आहे. मला हे कळलं तेव्हा आधी थोडं वाईट वाटलं होतं पण नंतर पटलं, कारण सगळं देऊन बसलेल्या माणसाला एका दिवसात तुझी गरज नाही असं सांगितलं जातं तेव्हा जे वाटतं ते दोन्हीकडे सारखंच असतं.

आणि ग्लोरियाचं बघा. १९७८ मध्ये ती स्टेजवर शो करताना पडली, पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. हे गाणं रेकॉर्ड करायला ती उभी राहिली तेव्हा तिच्या पाठीला आधाराचा पट्टा होता. तिने स्वतः सांगितलंय की गाताना तिच्या मनात ते दुखणं होतं आणि काही वर्षांपूर्वी गेलेली आई होती. त्यामुळे तो आवाज ऐकताना आपल्याला जी घायाळ पण ताठ बाई दिसते ती खरीच आहे, फक्त तिच्यासमोर कुणी पुरुष नव्हता.

ज्यांना खराखुरा माणूस शोधायचाय त्यांच्यासाठी कार्ली सायमनचं १९७२ सालचं 'यू आर सो व्हेन' आहे. स्वतःच्या प्रेमात बुडालेल्या माणसावरचं गाणं, आणि त्यात मेख अशी की ती त्याला म्हणते, तुला हे गाणं पण तुझ्यावरच आहे असं वाटत असेल. लोक चाळीस वर्षं नावं शोधत बसले, शेवटी २०१५ मध्ये तिने सांगितलं की दुसरं कडवं हॉलिवूडचा नट वॉरन बीटी याच्यावर आहे, बाकीची दुसऱ्यांवर. मला ते गाणं आवडतं पण त्यात एक अडचण वाटते, गाणं संपल्यावर आपल्या डोक्यात तो माणूस राहतो. त्याचा थाट, त्याचं आरशात बघणं. 'आय विल सर्व्हाइव्ह' संपल्यावर त्या माणसाचा चेहरा सुद्धा आठवत नाही, बाईच आठवते.

प्रश्न: मी पुरुष आहे आणि मला थोडं अवघड जातंय लिहायला. मी गाण्यातला तो आहे. जवळपास चार वर्षं ती माझ्यासोबत होती, मी तिला गृहीत धरलं, मग कुणीतरी दुसरी भेटली म्हणून निघून आलो आणि ते जमलं नाही तेव्हा परत हिच्याकडे गेलो. तिने शांतपणे नाही सांगितलं. मला तेव्हा राग आला होता, आता नाही. परवा कुठेतरी हे गाणं लागलं आणि मी पूर्ण ऐकू शकलो नाही. या गाण्यात माझ्यासारख्याला काही जागा आहे का? मी तिची माफी मागायला परत जाऊ का?

उत्तर: लिहिलंत हे चांगलं केलंत. आणि अवघड जातंय हे पण बरोबर आहे.

गाण्यात तुम्हाला जागा आहे, पण बोलायला नाही. परत ऐका, पूर्ण ऐका या वेळी. ती त्याला प्रश्न विचारते, तुला वाटलं का मी कोसळेन, तुला वाटलं का मी आडवी पडून मरून जाईन, आणि उत्तर पण तीच देते. त्याला एक ओळ नाही. त्याची बाजू, त्याचं दुःख, तो का गेला, का आला, काही नाही. मला वाटतं ज्या नात्यात वर्षानुवर्षं एकाचंच ऐकलं गेलं त्या नात्यातल्या दुसऱ्याला निदान सव्वातीन मिनिटं सलग बोलू द्यावं, मधे काही न बोलता, आणि तुमची जागा तीच आहे, ऐकणाऱ्याची. ती लहान जागा नाहीये.

एक माहिती देते, तुम्हाला कदाचित जवळची वाटेल. ज्या फ्रेडी पेरेनने हे गाणं लिहायला हात लावला तो १९६९ मधल्या जॅक्सन फाइव्हच्या 'आय वॉन्ट यू बॅक'च्या लेखकांपैकी पण एक होता. त्या गाण्यात एक मुलगा हातातली मुलगी सोडून देतो आणि मग कळवळून परत ये म्हणतो, एक चान्स दे म्हणतो. तो मुलगा वाईट नाहीये, त्याला खरंच वाईट वाटतंय. म्हणजे एकाच माणसाने परत येऊ बघणाऱ्याचं पण गाणं लिहिलं आणि नऊ वर्षांनी त्याला परत पाठवणारीचं पण. दोन्ही खरी आहेत. पण पहिल्या गाण्यातल्या मुलाचं दुःख खरं आहे म्हणून दुसऱ्या गाण्यातल्या बाईवर दार उघडायचं बंधन येत नाही, आणि हे तुम्हाला आता कळलंय असं तुमच्या पत्रावरून दिसतंय.

माफीचं विचारलंत. परत जाऊ नका. समोर जाऊन उभं राहिलात की तिला पुन्हा तुमचा चेहरा सांभाळावा लागेल. फारच वाटलं तर एकदा लिहा, थोडक्यात, काय केलंत ते नाव घेऊन लिहा, 'काही चुकलं असेल तर' असलं काही लिहू नका, आणि त्यात तिने उत्तर द्यावं असं काहीही मागू नका. आणि तिने आधीच संपर्क नको असं सांगितलं असेल तर तेही लिहू नका, तुमच्या वहीत लिहा. ती नाही म्हणाली होती ना शांतपणे, तेव्हा तिचं बोलून झालं होतं.

प्रश्न: एवढं गंभीर गाणं तर मग लोक त्यावर नाचतात कशाला? मला ते कायम उथळ वाटत आलंय.

उत्तर: मला नाही वाटत उथळ. हे गाणं मुळात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढच्या बाजूला 'सब्स्टिट्यूट' नावाचं दुसरं गाणं होतं आणि कंपनीला तेच चालवायचं होतं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ सारख्या डिस्कोमधल्या डीजेंनी रेकॉर्ड उलटी करून हे वाजवायला सुरुवात केली, नाचणाऱ्यांनी ते उचललं आणि मग १९७९ मध्ये ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. म्हणजे नाचणाऱ्या लोकांनीच ते वाचवलं. आणि त्यात असे खूप जण होते ज्यांना घरच्यांनी, समाजाने तुझी गरज नाही असं सांगितलेलं होतं, समलिंगी समाजाने हे गाणं तेव्हापासून आपलं मानलंय. एकटीच्या खोलीत म्हटलेलं मी तगेन हे वाक्य अनोळखी शंभर लोकांबरोबर ओरडून म्हणता येतं, तेही अंग हलवत, घाम गाळत, यात मला तरी काही हलकं दिसत नाही. शरीराला पण सावरायचं असतं ना.

प्रश्न: माझ्या पिढीचं गाणं मायली सायरसचं 'फ्लॉवर्स' आहे. ते जास्त एम्पॉवरिंग नाही का? त्यात ती कुणाला हाकलत पण नाही, सरळ स्वतःसाठी फुलं घेते.

उत्तर: दोन्ही गाणी एकमेकांच्या नात्यातली आहेत असं समजा हवं तर. २०२३च्या जानेवारीत आलेल्या 'फ्लॉवर्स'मध्ये ए मायनर, डी मायनर, जी, सी अशा कॉर्ड्स फिरतात आणि 'आय विल सर्व्हाइव्ह'ची साखळी पण याच चार कॉर्ड्सनी सुरू होते. एकामागे एक लावून ऐका, लगेच कळेल. शिवाय 'फ्लॉवर्स'चे शब्द ब्रुनो मार्सच्या २०१२च्या 'व्हेन आय वॉज युअर मॅन'ला उत्तर दिल्यासारखे आहेत, त्यातला पुरुष हळहळतो की तिला फुलं आणून द्यायला हवी होती, हात धरायला हवा होता, नाचायला न्यायला हवं होतं, आणि ही म्हणते ते सगळं मी माझं मला करू शकते.

जास्त एम्पॉवरिंग कुठलं? तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत सांगते, मला जुनं जास्त लागतं. 'फ्लॉवर्स'मधली बाई एकटी आहे, तिच्यासमोर कुणी नाही, त्यामुळे तिला शांत राहता येतं. ग्लोरियाच्या गाण्यात तो समोर उभा आहे, आत, तिच्या घरात, आणि तिचे पाय अजून थोडे थरथरत असणार. समोर असताना नाही म्हणणं वेगळंच असतं. माझ्यावर ती वेळ आली होती तेव्हा मी नाही म्हणू शकले नव्हते, चहा ठेवला होता, आणि पुढचं एक वर्ष परत त्यातच गेलं. म्हणून मला किल्लीची ओळ आली की अजून घशात येतं.

पण ज्या दिवशी कुणीच दारात नसतं, मेसेज पण येत नाही आणि तरी संध्याकाळ अंगावर येते, त्या दिवशी 'फ्लॉवर्स'च लावावं, हे पण तितकंच खरं.

प्रश्न: माझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. मी तगले. नोकरी आहे, मुलगी शिकतेय, रडणं कधीच संपलं. पण गाण्यातल्या सर्व्हाइव्ह या शब्दाचा मला आता कंटाळा आलाय. आयुष्यभर नुसतं तगूनच राहायचं का?

उत्तर: नाही हो. आणि गाण्यात पण ती तेवढ्यावर थांबत नाही, फक्त ती ओळ शीर्षकाच्या आवाजात हरवते. ध्रुवपदात ती म्हणते की मला प्रेम करायचं माहीत आहे तोवर मी जिवंत राहीन, हे कळतंय मला. पुढे म्हणते, जगायला अख्खं आयुष्य पडलंय, द्यायला सगळं प्रेम आहे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे ती फसली तीच गोष्ट ती स्वतःची ताकद म्हणून मोजते. आता यापुढे मी प्रेमच करणार नाही असं ती कुठेही म्हणत नाही! ते प्रेम जो माझ्यावर प्रेम करतो त्याच्यासाठी मी राखून ठेवतेय असं म्हणते. एवढं सगळं झाल्यावर बाई आपलं मन राखून ठेवते, फेकून देत नाही, मला हे त्या चालता हो पेक्षाही मोठं वाटतं.

तुम्ही सहा वर्षं जे राखून ठेवलंय ते मुलीला मिळालं असेलच, मैत्रिणींना मिळालं असेल. अजून कुणाला द्यावंसं वाटतंय का, की स्वतःलाच, हे तुम्ही मला परत लिहून कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि ग्लोरिया पण या एका गाण्यावर थांबली नाही. तिला या गाण्यासाठी १९८० मध्ये ग्रॅमी मिळालं, डिस्को रेकॉर्डिंगचं, तो प्रकार त्या एकाच वर्षी ठेवला होता. त्यानंतरचं ग्रॅमी तिला २०२० मध्ये मिळालं, चाळीस वर्षांनी, गॉस्पेलच्या अल्बमला, म्हणजे भक्तिगीतांना. तेव्हा ती पंचाहत्तरी ओलांडलेली होती.

प्रश्न: कुठलं व्हर्जन ऐकू? खूप आहेत.

उत्तर: मूळचंच, ग्लोरिया गेनरचं. आठेक मिनिटांचं लांब व्हर्जन मिळालं तर ते, घाई नसेल तेव्हा. हेडफोन लावा, आणि पियानो संपून तिचा आवाज सुरू होतो ना, ताल यायच्या आधी, तिथे फोनवर दुसरं काही बघू नका.